पाच की सहा?

ताई,

तुझ्या शोकसभेत मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तुझ्या गोल्फ टीमच्या मुलींच्या प्रॅक्टिस ग्रीनवरून बर्फातले जाड बूट घालून सरळ चालत गेलो.

एप्रिल नुकता लागलेला, पार्किंगमध्ये चिखल, त्यात मला उशीर झालेला. क्लबहाऊसचं दार समोर दिसत होतं आणि मधे छान, सपाट, बारीक कापलेलं गवत. एरवी मी ग्रीन ओळखतो गं. त्या दिवशी मला काही दिसतच नव्हतं. अर्ध्यात पोचलो तेव्हा काचेपलीकडची साठ-सत्तर माणसं एकदम गप्प झाली. मला वाटलं, गेलेल्या बाईचा भाऊ आला म्हणून आदराने गप्प झाले. मी चालता चालता हात जोडले. तेवढ्यात पायवाटेवरून वैशाली ओरडली, "अहो, ग्रीन आहे ते! ताईंचं ग्रीन!"

मागे वळून पाहिलं. ओल्या गवतावर माझ्या अकरा नंबरच्या बुटांचे ठसे, एकामागे एक, थेट झेंड्यापर्यंत.

आतून तुझी जुनी कॅप्टन केटी आली. काळा ड्रेस, वर टीमचं जॅकेट. "इट्स ओके, अंकल," म्हणाली आणि खिशातून तो गवत उचलायचा दोन दातांचा छोटा काटा काढून गुडघ्यावर बसली. एकेक ठसा कडेने उचलत, तळव्याने दाबत पुढे सरकू लागली. शोकसभा दहा मिनिटं उशिरा सुरू झाली ती माझ्यामुळे, हे तुझ्या कानावर घालतो.

मला तेव्हा आपले बाबुजी डोळ्यांसमोर दिसले. कामठीच्या छावणीतल्या त्या गोल्फच्या मैदानावर ग्रीन कुठलं, ब्राउन होतं. तेल मिसळलेली वाळू. साहेब लोक खेळून पुढे गेले की बाबुजी लाकडी फावडं ओढत त्यांच्या पायांचे ठसे पुसायचे. "साहेब गेले, पाय ठेवून गेले," असं म्हणायचे आणि हसायचे. मग तुला हाक मारायचे. वाळू सारखी झाली की नाही हे बघायला चेंडू घरंगळवून पाहावा लागे, आणि ते काम तुझं. एका मोडक्या दांड्याच्या काठीने तू चेंडू ढकलायचीस. माळ्याची पोरगी गोल्फ शिकते आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ती तर वाळू तपासत होती. मी काय करायचो? मी ब्राउनवरून पळायचो. नवे ठसे उमटवायचो. म्हणजे धंदा जुनाच आहे माझा.

कॉलेजच्या वेबसाइटवर तुझ्याबद्दल चार ओळी आल्यात. बावीस सीझन, तीन प्रांतिक विजेतेपदं, वगैरे. बरोबर आहेत. पण त्यात हे नाही की हॅमिल्टनच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढून तू संध्याकाळी गोल्फच्या सरावाला रेंजवर जायचीस, तिथे कॉलेजच्या चार मुली कोचशिवाय चेंडू बडवताना दिसायच्या आणि तू तीन संध्याकाळी नुसती मागे उभी राहिलीस. एक अक्षर बोलली नाहीस. चौथ्या संध्याकाळी त्यातली एक वैतागून वळली आणि म्हणाली, "आय ॲम डुइंग समथिंग राँग, आर'न्ट आय?" तू म्हणालीस, "येस." तिथून तुझी बावीस वर्षं सुरू झाली.

विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा तुझा एकुलता एक नियम. मी म्हणायचो, "अगं पण समोर चूक दिसते ना?" तू म्हणायचीस, "दिसते नं. पण तिला दिसली पाहिजे. मी सुई टोचायच्या आधी पण विचारते, राजू. न विचारता टोचली तर माणूस हात मागे घेते."

टीमला पाच जणी लागतात, तुझ्याकडे चार. पाचवी तू कॅफेटेरियातून उचललीस, पोहणारी होती ती. पहिल्या स्पर्धेत तुम्ही शेवटून पहिल्या आलात. परतीच्या व्हॅनमध्ये तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा संपला, तेव्हा त्या पोहणारीने विचारलं की पुढच्या वेळी शेवटून दुसरं आलो तर पुऱ्या जास्त मिळतील का. तू म्हणालीस, मिळतील. आणि पहिलं विजेतेपद आलं त्या दिवशी तुझा फोन: "राजू, झालं." मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "वैशालीला सांग, पुऱ्या कमी पडल्या."

हिवाळ्यात रविवारी ही सगळी वरात मिल्टनला आमच्या बेसमेंटमध्ये. दारात बुटांचा ढीग, वैशालीचा चहा, खाली कार्पेटवर आडवी ठेवलेली स्टीलची वाटी. दुसऱ्या भिंतीपासून चेंडू मारायचा. वाटीत गेला की टिण्ण. मी जिन्यात उभा राहून कॉमेंट्री करायचो. "मनगट! मनगट बघ!" मुली हसायच्या. तू मान वर न करता म्हणायचीस, "काहून बोलून राहिला रे मधातच?" आणि त्याच जिन्यात, माझ्या पायाशी, आमची आठ वर्षांची मुक्ता बसलेली असायची. टिण्ण झालं की टाळी वाजवायची.

पुढे ती तुझ्याच टीममध्ये आली. मला काय अभिमान! सोडायला मीच, आणायला मीच. आणि त्या मिल्टन-हॅमिल्टन रस्त्यावर मी काय करायचो, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. मी तिला पुन्हा शिकवायचो. तू दिवसभर जे सांगितलं असशील, ते मी गाडीत उलगडून, मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओंच्या आधारे दुरुस्त करायचो. अठरा होलना एकशे दहा फटक्यांच्या खाली कधी न आलेला माणूस. पोरगी इंग्लिशमध्ये "ओके बाबा, फाइन बाबा" म्हणत खिडकीबाहेर बघायची. एकदा मी म्हणालो, "आत्या जुन्या पद्धतीची आहे गं. ती तू विचारायची वाट बघत बसणार, तोवर सीझन संपेल. काही अडलं तर मला विचार."

मला विचार. हे माझे शब्द आहेत, ताई.

तो ऑक्टोबर कोच म्हणून तुझा शेवटचा, टीममधला मुक्ताचाही शेवटचा. चौथं विजेतेपद समोर. मैदानभर मेपलची पानं पडलेली. त्या पानांत पांढरा चेंडू पडला की सापडत नाही, म्हणून प्रत्येक होलला एक माणूस उभा करतात, चेंडू कुठे पडला ते दाखवायला. सतराव्या होलला माणूस कमी पडला. तू मला नारंगी जॅकेट दिलंस. आणि व्हॅनपाशी उभं करून बजावलंस, "राजू, तोंड उघडायचं नाही. फक्त हाताने दाखवायचं. खेळणारीला काठी कोणती घे, वारा कुठला, हे कोचनेच सांगायचं असते. बाकी कुणी सांगितलं तर दंड तिला." मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, "काय सांगितलं मी?" मी शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. तरी तू जाता जाता तिसऱ्यांदा वळलीस आणि ओठांवर बोट ठेवलंस.

सतरावा होल दीडशे यार्डांचा, मधे तळं. मुक्ता आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. बॅगेत हात घातला, सहा नंबरचा क्लब काढला, परत ठेवला. मग त्याहून लांब मारणारा पाच नंबर काढला. माझ्यापासून चार पावलांवर. आणि ज्या पोरीने मराठी बोलावं म्हणून आम्ही पंधरा वर्षं घसा फोडला, जी "जेवलीस का" ला "येप" म्हणायची, ती त्या क्षणी माझ्याकडे न बघता शुद्ध मराठीत म्हणाली, "बाबा, पाच की सहा?"

मी म्हणालो, "पाच. वारा समोरून आहे."

काय फटका होता तो! तळं ओलांडून चेंडू झेंड्यापासून दोन हातांवर. मग ग्रीनवरच्या एका हलक्या फटक्यात आत. दोन फटक्यांत होल संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी तर नारंगी जॅकेटसकट उडी मारली. उतरलो तेव्हा झाडाखाली तू दिसलीस. वीस पावलांवर. तू कधीपासून तिथे होतीस, देव जाणे. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. हातातली छोटी वही मिटलीस आणि नियमवाल्या माणसाकडे चालत गेलीस.

दोन फटक्यांचा दंड पडला, दोनाचे चार झाले. तुमची टीम एका फटक्याने हरली.

पार्किंगमध्ये मी तुझ्यावर जे ओरडलो ते तुझ्या टीमने ऐकलं, शब्द कळले नसले तरी. "त्या अख्ख्या मैदानावर मराठी कळणारी तीन माणसं होती! तिघंही घरचीच! कुणाला कळलं असतं?" तू म्हणालीस, "मला कळलं नं, राजू." आणि व्हॅनचं दार सरकवून मुलींच्या बॅगा मोजायला लागलीस. मला त्या बॅगा मोजण्याचा सर्वांत जास्त राग आला.

मुक्ताने तुझ्याशी चार दिवसांत समेट केला. आधी फोन, मग भेट. मला म्हणाली, "शी वॉज राइट, बाबा. लेट इट गो." मी मात्र मोठ्या मनाचा माणूस. मी दोन हिवाळे धरून बसलो. भाऊबीजेला वैशाली एकटी हॅमिल्टनला गेली आणि मी "विंटर टायर बदलायचे आहेत" म्हणून घरी राहिलो. टायर मागच्याच आठवड्यात बदलून झाले होते.

आणि मग ते जानेवारीत. मुक्ता आता राहते त्या कनाटा गावाहून सुट्टीला आली होती, तुला भेटून परत आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आत्या सेज, डोन्ट मूव्ह द वाटी. ती येणार आहे खेळायला." मला कळलं की हा निरोप आहे. मी दार उघडावं म्हणून तू दाराशी येऊन उभी आहेस. मी टीव्हीवरून नजर न काढता म्हणालो, "सांग तिला, बेसमेंट भाड्याने देतोय."

कुणाला देत नव्हतो. भाडेकरू ठेवायचा विचारही नव्हता. मला फक्त तुला लागेल असं काहीतरी म्हणायचं होतं. माझं तुझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे असं आहे, आणि तेही खोटं. ते तुझ्यापर्यंत पोचलं का, हे मुक्ताला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. विचारायला पाहिजे, हे कळतं. विचारणं हे किती अवघड काम आहे, हे मला आत्ता या वयात कळतंय.

फेब्रुवारीत तू गेलीस. आपली सगळी माणसं आली होती, जयभीम म्हणून गळ्यात पडत होती. तुझ्यासमोर उभं राहून त्रिसरण, पंचशील घेतलं. मी पुढे होतो, मी सांगायचो, मागून सगळे म्हणायचे. पहिली तीन शीलं नीट गेली. चौथ्याला, खोटं बोलण्यापासून दूर राहीन या शीलाला, माझा आवाज बसला. लोकांना वाटलं, भाऊ आहे, दाटून आलं असेल. मागून वैशालीने ते पूर्ण केलं.

तेव्हापासून मला खाली वाटी ऐकू येते.

वैशाली म्हणते फर्नेस आहे. गरम हवा थांबली की पत्रा आकसतो, आवाज होतो. मी इंजिनिअर आहे, मलाही ते माहीत आहे. पण पत्रा टक्‌ करतो गं. टिण्ण करत नाही. संध्याकाळी चहाच्या वेळेला, तुम्ही सगळ्या यायचात त्या सुमारास, एकदाच. मी कप ठेवतो, खाली जातो. दिवा लावतो. वाटी असते तिथेच, भिंतीशी आडवी. आत काही नसतं. एकदा मात्र कार्पेटवर, दुसऱ्या भिंतीपासून वाटीकडे जाणारी एक बारीकशी रेघ दिसली, लव एका बाजूला झोपलेली, चेंडू गेल्यासारखी. मी व्हॅक्युम कधी केलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. मग आठवायचं सोडून दिलं. रेघेवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेने परत आलो. घरात मी भिंतीच्या कडेने चालतो, आणि तुझ्या ग्रीनवर बूट घालून.

तर शोकसभा. माझ्या खिशात पाच मिनिटांचं भाषण होतं, विनोदी. पुऱ्यांचा किस्सा, मोडकी काठी, सगळं. माझ्या आधी केटी बोलायला उभी राहिली. म्हणाली, कोचने आम्हाला हरायला कसं शिकवलं ते सांगते. आणि सतरावा होल सांगायला लागली. मी खुर्चीत ताठ झालो. खोलीत मुक्ता होती, वैशाली होती, बाकी सगळ्यांना मी कोण हे माहीत होतं.

केटी म्हणाली, त्या संध्याकाळी व्हॅनमध्ये मुक्ता रडत होती. मग कोचने व्हॅन बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाली, चूक माझी आहे. तो माणूस त्या कामाला नवीन होता, त्याला नियम सांगायला मी विसरले. मुक्ताला बोलू नका, तिच्या वडिलांना तर मुळीच बोलू नका. त्यांना माहीतच नव्हतं. केटी म्हणाली, "बावीस वर्षांत कोच एकदाच विसरली आणि एकदाच म्हणाली, इट्स ऑन मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या प्रामाणिकपणाला.

ताई, तू विसरली नव्हतीस. तीनदा सांगितलं होतंस. म्हणून दाखवायला लावलं होतंस. भाचीच्या नावावर स्वतःच्या तोंडाने दोन फटके चढवणारी तू, ज्या चौथ्या शीलाशी माझा आवाज अडकला तेच तू त्या व्हॅनमध्ये मोडलंस, माझ्यासाठी. आणि दोन वर्षं तुझ्या मुली मला भेटल्या की "हाय अंकल" म्हणून प्रेमाने बोलायच्या, तेव्हा मला वाटायचं, पाहा, पोरींना पण पटलंय की माझी बाजू बरोबर होती. त्यांना माझी दया येत होती. मैदानावरचा अडाणी काका.

मला हाक मारली. मी उठलो. भाषणाचा कागद हातात होता. पुऱ्यांचं वाक्य पहिलंच होतं. मी म्हणालो, कोच विसरली नव्हती. तिने मला तीन वेळा सांगितलं होतं. माझ्याच भाषेत. मी तिच्यासमोर पाठ म्हणून दाखवलं होतं. मला सगळं माहीत होतं.

एवढंच बोललो. इंग्लिशमध्ये ते आणखी लहान वाटलं. तुझ्या मुली मला पाहत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरून ती दया हळूहळू उतरत होती, आणि खरं सांगतो, ती गेल्यावर मला थंडी वाजली. मग मागून मुक्ता चालत आली. माझ्या शेजारी उभी राहिली. "ही वॉज नॉट अलोन," ती म्हणाली. "आय आस्क्ड. कोच वॉज राइट देअर, अँड आय आस्क्ड हिम." आणि माझा हात धरून मला खुर्चीपर्यंत नेलं, लहानपणी मी तिला बर्फावरून न्यायचो तसं.

कुणी रागावलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. केटी फक्त जाताना म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग अस, अंकल." यावेळी "इट्स ओके" म्हणाली नाही. तुझीच तालीम आहे ती.

निघताना तुझी असिस्टंट डेब्रा आली. एका पिशवीत तुझ्या त्या छोट्या वह्या होत्या, प्रत्येक मैदानाची वेगळी. "आम्हाला कधीच वाचता आल्या नाहीत. शी सेड दॅट वॉज द पॉइंट," ती हसून म्हणाली. पानापानावर होलची चित्रं, अंतरं, झाडं, आणि शेजारी तुझं देवनागरी, बाबुजींसारखं उजवीकडे कललेलं. दुसऱ्या टीमच्या कोचने डोकावलं तरी कळू नये म्हणून.

गाडी वैशाली चालवत होती. मी त्या मैदानाची वही शोधली. सतरावं पान. तळ्याचं चित्र, वाऱ्याचा बाण. खाली लिहिलेलं: "समोरून वारा असेल तर मुक्ताला पाच. विचारायला आली तरच."

मी ते दोनदा वाचलं. आणि मला लाज वाटते सांगायला, पण सगळ्यात आधी माझ्या तोंडून निघालं, "बघ! पाचच होता! ताईचाही पाचच!" दोन वर्षं मला हेच हवं होतं ना. तू एकदा म्हणावंस की राजू, पाच बरोबर होता. ते तू लिहूनच ठेवलं होतंस, मी तोंड उघडायच्या आधी. मी ती वही वैशालीच्या पुढे धरली, ती गाडी चालवतेय हे विसरून.

तिने पाहिलं नाही. मिल्टनचा एग्झिट आला. तिने इंडिकेटर लावला आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली,

"पाच होता ते त्यांनाही माहीत होतं हो. म्हणून तर त्या झाडाखाली येऊन उभ्या होत्या. पोरगी विचारायला येईल म्हणून. तुम्ही तिला येऊच दिलं नाही."